यंत्रातली शेवटची रिकामी जागा

दिलीप,

तू गेल्यावर मी यादी करायला बसले. मला दुसरं काही सुचत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मोबाईलचं सिम. बँकेतलं वारसाचं नाव. मोटरसायकलची कागदपत्रं. कपडे कुणाला द्यायचे. बँडचा लाल गणवेश धुऊन, इस्त्री करून नानांकडे. एकेक काम होत गेलं, एकेका ओळीवर रेघ मारत गेले. लोक रडत होते आणि मी रेघा मारत होते. मावशी एकदा म्हणालीसुद्धा, हिचं काळीज शे का कपाट. मी ऐकलं आणि पुढची ओळ वाचली.

शेवटी एकच ओळ उरली. "यंत्र." तिच्यापुढे काय लिहायचं ते मला ठरवता येईना. म्हणून हे तुला लिहिते आहे. ऐकून घे, आणि नेहमीसारखं मधे तोडू नकोस.

भेटायला येणारी माणसं तुझ्या खोलीत डोकावतात आणि विचारतात, हे काय आहे? टेलिफोनचं ऑफिस होतं का दिलीपकडे? तुझ्यासारखं समजावणं मला जमत नाही. मी दवाखान्याच्या भांडारात नवीन माणसाला औषधं दाखवते तसं दाखवते. हा सिंथेसायझर आहे, पण याला कीबोर्डच्या पट्ट्या नाहीत. लाकडी चौकटीत शेजारी शेजारी बसवलेले डबे आहेत, त्यांना मॉड्यूल म्हणतात. हा डबा आवाज काढतो. हा तो आवाज गाळतो. हा दारासारखा, उघडला की आवाज बाहेर येतो, मिटला की आतच राहतो. हा ठोका धरतो. हा चिठ्ठ्या उचलल्यासारखं काहीतरी निवडतो, कोणती चिठ्ठी निघेल ते कुणालाच माहीत नसतं, आणि त्याच्या शेजारचा ती निवड सुरात बसवतो. सगळे रंगीत तारांनी एकमेकांना जोडायचे आणि माणसाने हात काढून घ्यायचा. मग ते आपलं आपण वाजतं, आणि एकदा वाजलेलं पुन्हा तसंच वाजत नाही.

लोक मान हलवतात. शेवटचं वाक्य कुणालाच पटत नाही. मलाही पटायला वेळ लागला होता.

तुझ्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली, तेव्हापासूनची ही गोष्ट. नाना वाईट वागले नाहीत. बँड त्यांचा, ऐन लग्नसराईत कीबोर्डवर सूर चुकायला लागले, तर त्यांनी काय करायचं? त्यांनी तुला पुढून उठवून गाडीतल्या मिक्सरवर बसवलं आणि कीबोर्डवर नवा मुलगा आणला. त्या दिवशी तू माझ्याकडे शहाद्याला आलास. मी काही विचारायच्या आधीच म्हणालास, "तीच वरात, तेच गानं, नवरदेव तेवढा नवा. सुटनू आक्का मी." आणि हसलास. ते हसणं मला लहानपणापासून ओळखू येतं. पतंग तुटल्यावर तू असाच हसायचास.

त्यानंतर तू मोबाईलवर ते व्हिडिओ बघायला लागलास. कुठल्या कुठल्या देशातली माणसं, पुढ्यात तारांचं जंगल, आणि वाजवणारा चहा पीत बसलेला. मला वाटलं, जाईल हे वेड. मग पहिलं पार्सल आलं, माझ्या पत्त्यावर. कुरियरवाला तुझ्या कळसाडीपर्यंत यायचा नाही, आणि ऑनलाईन मागवायचं तर ते मलाच जमायचं. म्हणजे तुझ्या यंत्रातला एकेक डबा माझ्या हातून गेला. हे तेव्हा जाणवलं नव्हतं. आता रोज जाणवतं.

मी नियम केला होता, आठवतं? तो डबा काय करतो ते एका वाक्यात सांगायचं, तरच ऑर्डर देणार. फोनवर आपली सुनावणी चालायची.

"आक्का, एक शे अजून."

"काय करस ते? एक वाक्यमा सांग."

"बाकीनासले चुकाडस."

"चूक इकत लेवानी का आते?"

"तुन्हा भांडारमा चूक नको. मन्हा आडे ती लागस."

बाकीच्यांना चुकायला लावणारा डबा! मी वैतागायचे. पण हळूहळू मलाही त्यातलं कळायला लागलं. तू डबे कसे निवडतोस ते लक्षात आलं. एकच काम करणारे दोन घ्यायचे नाहीत. फार हुशार, सगळं स्वतःच करणारा डबा घ्यायचा नाही. ज्याला दुसऱ्याच्या कामात लुडबूड करता येत नाही, तो कितीही गोड वाजो, नको. एका डब्याने दुसऱ्याला ढोसायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्याने परत पहिल्याला. "आपला वाडीमधल्या बाया पान्यावर भांडतस तसं," तू म्हणायचास. "भांडन कोन चालू करनं ते कोनले सांगता येवाले नको."

माझे निकष वेगळे होते. चौकटीत मावतो का. वीज किती ओढतो. एकदा तू तीन डबे एकदम मागवायला सांगितलेस. मी सगळ्यांची बेरीज करून बघितली, आणि तुझा वीजपुरवठ्याचा डबा तेवढा भार घेणारच नव्हता. मी ऑर्डर थांबवली, तू दोन दिवस फोन उचलला नाहीस. तिसऱ्या दिवशी स्वतःच आलास, हातात गावाकडची केळी, आणि दारातूनच म्हणालास, "मी मोजी दखं. तू नसती तं बठ्ठं जयी जातं." मी नसते तर सगळं जळून गेलं असतं, हे तुझ्या तोंडचं वाक्य मी जपून ठेवलं आहे. तू माझं सहसा कबूल करायचा नाहीस.

इन्व्हर्टरही मीच घ्यायला लावला. वीज गेली आणि झटक्याने परत आली, तर डबे जळतील, असं मी म्हटलं. बरोबरच म्हटलं होतं. त्याबद्दल पुढे बोलेन. आत्ता नाही.

डोंगरातल्या मोलगीचा दिवस लिहिते आधी. दवाखान्याचा माल वर पोचवायचा होता आणि जीपमध्ये जागा होती. तू म्हणालास, मीबी येस. नेमका बाजाराचा दिवस. माल उतरवून झाला तरी तुझा पत्ता नाही. बघते तर तू बाजाराच्या कडेला दगडावर डोळे मिटून बसलेला. डोंगरावरून चालत आलेली माणसं, ओझी उतरत होती, कुणी पावरी बोलीत ओरडत होतं, कुणी भिलीत भाव करत होतं, तराजूची साखळी, जीपचा हॉर्न, कुठेतरी घुंगरू. मी हाक मारली तर म्हणालास, "बस. आयक. पुढला आवाज कोनता येई, सांग बरं?"

"कोंबडी," मी म्हटलं.

आणि कोंबडीच ओरडली. तू डोळे उघडलेस. माझ्यासमोर एक बाई टोपलीतली कोंबडी पायाला धरून बाहेर काढत होती.

"हाई चोरी शे! तुले दिखत व्हतं!"

किती हसलो. मग तू गंभीर झालास आणि म्हणालास, मला हे पाहिजे. हे म्हणजे मोलगीचा बाजार नव्हे. असं काहीतरी, की पुढचा आवाज कोणता ते कुणाला सांगता येणार नाही आणि तरी सगळं एकमेकांत बसलेलं असेल. आयुष्यभर मी पुढचा सूर कोणता ते माहीत असलेली गाणी वाजवली, असं तू म्हणालास. हाताबद्दल एक शब्द बोलला नाहीस.

मी व्यवहाराचं बोलले. मी म्हटलं, "बाजारबी उठस ना संध्याकायले! तुन्हं यंत्र कधी उठी?"

तू जीपमध्ये चढता चढता उत्तर दिलंस, "उठस. पन त्याले कोनी उठाडत नही."

तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो तसाच राहिला.

चौकटीत एकच जागा उरली होती, अरुंद. तुला तिथे दुसरा चिठ्ठ्या उचलणारा डबा हवा होता. एक आहे, तो एकटा पडतो, त्याला भांडायला जोडीदार पाहिजे, हे तुझं म्हणणं. माझं म्हणणं, आहे ते पुरे झालं, आता याला थांबवणारं काहीतरी घे. ठोके मोजणारा एक डबा मी शोधून काढला होता. ठरवलेले ठोके झाले की दार लोटून घेतो. दवाखान्यात एकही यंत्र असं नाही की ज्याला शेवट नाही. सलाईनलासुद्धा शेवट असतो. तुझं हे यंत्र आपण होऊन कधीच थांबत नाही, कुणीतरी जाऊन चौकटीमागचं बटण दाबावं लागतं. ते बटण अशा अडचणीच्या जागी बसवलं होतंस, की मी पांढऱ्या चिकटपट्टीवर "बंद" लिहून वर लावून दिलं होतं.

"मी शे ना थांबाडाले," तू म्हणालास.

"तू झोपी गया तं?"

"आक्का." आणि मग ते वाक्य, जे मी विसरायचा प्रयत्न करते आहे. "मन्हा हात वाजाडाले पुरत नही, पन बंद कराले तं पुरस."

हिवाळाभर आपण त्या एका जागेवरून भांडलो. फोनवर, तुझ्या ओट्यावर, चुलतबहिणीच्या हळदीत. शेवटी मी मला बरोबर वाटतं ते केलं. तुला न विचारता माझा डबा मागवला. परदेशातून यायचा होता, वेळ लागणार होता. मला वाटलं, हातात ठेवला की घेशील. आधी ओरडशील, मग घेशील.

आता त्या दुपारचं.

तुझ्या आणि रेखाच्या संसारातली एक रीत मी इतकी वर्षं बघत आले, पण तिच्याकडे कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. जेवण झालं की तू खोलीत जायचास आणि यंत्र सुरू करायचास. रेखा तिचं काम करायची. यंत्र बंद झालं की ती चहा ठेवायची. हाक नाही, विचारणं नाही. आवाज थांबला म्हणजे तू उठलास, म्हणजे चहा. तुमच्या दोघांचं घड्याळ तेच होतं.

त्या दुपारी रेखा ओट्यावर मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. आतून यंत्र वाजत होतं. वीज गेली, पंखा इन्व्हर्टरवर फिरत राहिला, यंत्रही वाजत राहिलं. ऊन ओट्यावरून उतरलं. शेजारीण येऊन बसली, गेली. रेखाच्या मनात येऊन गेलं, आज फारच रंगलेत. मिरच्या संपल्या. तिने हात धुतले, तरी झोंबत होते, म्हणून पुन्हा धुतले. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, यंत्र वाजत असतानाच, नेहमीची रीत मोडून, ती आत गेली.

तिने मला फोन केला तेव्हा ती बोलत नव्हती, नुसती ओरडत होती. आणि तिच्या मागे तुझं यंत्र वाजत होतं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला हायसं वाटलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचं काहीतरी झालंय, दिलीप तर वाजवतोय.

मी पोचेपर्यंत घर माणसांनी भरलं होतं आणि ते अजून वाजत होतं. कुणाला ते बंद करता येत नव्हतं. कुणीतरी एक बटण फिरवलं तर आवाज वाढला. कुणीतरी एक पिवळी तार उपटली, तर ते खालच्या सुरात गुरगुरायला लागलं. नाना दारात उभे राहून ओरडत होते, "बंद करा रे ते! कोनले काही समजस का नही?" तोवर वीज परत आली होती, म्हणून कुणी बाहेर धावत जाऊन मीटरवरचा खटका पाडला. शेजारच्या टीव्हीचा आवाज बंद झाला, त्याने घाईत त्यांचाच खटका पाडला होता. मग आपला पाडला. इन्व्हर्टरवर ते चालूच. उभं आयुष्य वाजवण्यात घालवलेली बँडची माणसं तुझ्याभोवती उभी होती आणि एकालाही तो आवाज थांबवता येत नव्हता. तू खुर्चीत होतास. मान थोडी कलली होती, ऐकताना कलायची तशी.

मी चौकटीमागे हात घातला आणि "बंद" दाबलं.

त्या शांततेत रेखा पहिल्यांदा रडली.

डॉक्टर म्हणाले, एकदम गेले असतील, लगेच कळलं असतं तरी उपयोग झाला नसता. मी दवाखान्यात काम करते. घरच्यांना हे वाक्य कधी खरं म्हणून सांगतात आणि कधी दया म्हणून, मला माहीत आहे. तुझ्या बाबतीत कोणतं ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. रेखाने मात्र मला विचारलं, दहाव्याच्या दिवशी, सगळे जेवून उठल्यावर.

"वाजी ऱ्हायनं व्हतं ना आक्का. माले वाटनं आते बंद करतीन, आते बंद करतीन, मंग च्या ठेवसू. ते बंद पडतं तं मी आत जाती ना?"

मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना तू.

"डॉक्टरनं सोडा. तुम्ही सांगा."

मी पाण्याचे पेले उचलले. मागून ती म्हणाली, "ते घरमाईन काढी टाका. तेरावानंतर माले ते दिखाले नको."

तेव्हापासून तिने दुपारचा चहा ठेवला नव्हता. सकाळचा ठेवायची. दुपारी कुणी आलं तर शेजारीण आणून द्यायची. कुणी यावर बोललं नाही. माझ्या मात्र नजरेतून काही सुटत नाही, काय करू.

दिलीप, मला तुझा राग आला होता. अजून आहे. छातीत जळजळतं म्हणून माझ्याच भांडारातली गोळी मागून घ्यायचास आणि तपासणीचं नाव काढलं की यंत्राबद्दल बोलायला लागायचास. शेवट नसलेलं यंत्र तुला पाहिजे होतं, आणि तुझा शेवट त्यानेच झाकून ठेवला. हे मी तुझ्या तोंडावर बोलले असते, तर तू काहीतरी विनोद केला असतास. विनोद करायला तरी थांबायचं होतंस.

आणि लगेच असंही वाटतं, की शेवटचं तू जे ऐकलंस ते तुला हवं तेच होतं. पुढचा आवाज कोणता, हे तुला माहीत नव्हतं. मी या दोन गोष्टींमध्ये हेलपाटे घालते. एकीवर रेघ मारावी तर दुसरी उरते.

तेराव्यानंतर पार्सल आलं.

दवाखान्यातच आलं. सही केली, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. मी वेळेवर मागवलं होतं. मी बरोबर होते. एवढी बरोबर असून एवढी निरुपयोगी मी कधीच ठरले नव्हते.

रविवारी यंत्र उचलायला कळसाडीला आले. बरोबर मोठं खोकं, जुन्या चादरी, आणि कोणती तार कुठली ते लिहायला चिकटपट्टी. पर्समध्ये तो डबा. रेखा दारात उभी राहिली, आत आली नाही. मी एकेका तारेवर चिठ्ठी लावायला लागले. पिवळी तार तशीच लोंबत होती. तिचं सुटलेलं टोक कुठे जोडलेलं होतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे त्या दुपारचं तुझं वाजणं परत मिळणार नाही. तू म्हणाला असतास, तसंही मिळणार नव्हतंच.

पट्टी काढताना पर्समधून डबा बाहेर आला. रेखाने विचारलं, "हाई काय शे?"

तुझ्या माघारीही माझा नियम मलाच पाळावा लागला. एका वाक्यात सांगितलं. "ते वाजनं थांबाडस."

"आते?" ती म्हणाली.

फक्त एवढंच. मी डबा परत पर्समध्ये ठेवायला लागले, तर ती उंबरा ओलांडून आत आली. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच, असं मला वाटतं. तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, बसली नाही.

"लावा," म्हणाली. "माले ते आपलं आपन थांबतांना आयकनं शे. एकदाव."

मी स्क्रू आवळायला शिकले आहे, तुझ्यामुळे. डबा त्या अरुंद जागेत नीट बसला. बसणारच, माप मी घेतलं होतं. तुझ्या ठोका धरणाऱ्यापासून त्याच्याकडे एक तार, आणि त्याच्यापासून दाराकडे एक. दुसऱ्या तारेसाठी ती लोंबणारी पिवळी घेतली. सगळ्यात जास्त ठोक्यांवर ठेवला आणि बटण दाबलं.

वाजायला लागलं. रेखाने डोळे मिटले नाहीत, जमिनीकडे बघत राहिली. मी मनात हिशोब केला होता, साधारण किती वेळात थांबेल. तेवढा वेळ झाला. थांबलं नाही. रेखाने माझ्याकडे बघितलं. मी यंत्राकडे बघितलं, आणि मग ध्यानात आलं. तुझा चिठ्ठ्या उचलणारा डबा ठोका धरणाऱ्यालाही ढोसत होता. ठोकाच कधी लांबत होता, कधी घाई करत होता. माझा डबा इमानाने ठोके मोजत होता, पण ठोके तुझे होते. ते कधी पुरे होतील ते मला सांगता येणार नव्हतं. तुलाही नाही. बाजार उठणार होता, पण त्याला कुणी उठवणार नव्हतं.

"कधी थांबी?" रेखाने विचारलं.

"माहीत नही."

आम्ही थांबलो. एक सूर वर चढला, तिथे जरा रेंगाळला, खालून दुसऱ्याने त्याला हात दिला, आणि मधेच, काही पुरं व्हायच्या आत, दार मिटलं.

शांत.

रेखा स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, पातेल्यात पाणी ओतल्याचा, साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि हातातली चिकटपट्टी उगाच गुंडाळत राहिले. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच वाटलं की मी काहीतरी वेळेवर केलं.

आणि ते परत सुरू झालं.

मी खुर्चीतून उडालेच. दार पुन्हा उघडलं होतं. माझा डबा थांबवणारा नव्हताच, दिलीप. तेवढे ठोके मोजतो, दार लावतो, परत तेवढेच मोजतो आणि दार उघडतो. मी माहिती वाचली होती, पण मला पाहिजे तेवढीच. तू असतास तर लोळून हसला असतास. "आक्का, तू थांबाडनारं नही, इसावा लेनारं इकत लिधं!" मला तुझा आवाज अगदी तसा ऐकू आला. बटणाकडे हात न्यायच्या आधी मी स्वयंपाकघराकडे ओरडले, "रेखा, घाबरू नको, मी बंद करस!"

"ऱ्हावू द्या," ती आतून म्हणाली. "च्या उकयी ऱ्हायना. होवू द्या तो."

तिने चहा गाळला. दोन कप घेऊन खोलीत आली. एक माझ्या हातात दिला, एक चौकटीवर ठेवला. मला वाटलं, तुझ्यासाठी ठेवते आहे, आणि मी तोंड फिरवलं. पण तो तिचा स्वतःचाच होता. तिला हात मोकळा हवा होता. तिने चौकटीमागे हात घातला, वाकून पट्टी बघितली, आणि बटण दाबलं.

"तुले बटन माहीत व्हतं?" मी विचारलं.

"आज समजनं. तुम्ही लिखीसन ठेयेल शे ना," ती म्हणाली. मग कप उचलला आणि तुझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मी चादरी आणि खोकं बाजूला सरकवलं. चहात साखर जास्त झाली होती, तुझ्या मापाची. आम्ही दोघींनी तो तसाच संपवला.

दहाव्याच्या दिवशीचा तिचा प्रश्न अजून तसाच आहे. तिने परत विचारला नाही. विचारेल एक दिवस, आणि तेव्हाही मी पेले उचलू लागेन की खरं बोलेन, मला ठाऊक नाही.

घरी येऊन यादी काढली. "यंत्र"च्या पुढे लिहिलं: जागेवरच. रेघ मारली नाही.